संगणकाचें मौन

यंत्र बिघडलें म्हणजे तें बहुधा आपल्या परीनें तसें सांगतें. गाडीचा आंस करकरतो, रहाटाचें चाक कुरकुरतें, पाण्याचा पंप धापा टाकूं लागतो. आणि जाणता कारागीर नुसत्या आवाजावरून दुखणें कोठें आहे तें ओळखतो. आज घरोघरीं दिसणारा संगणक मात्र या बाबतींत निराळा आहे. त्याचें एक दुखणें असें आहे कीं त्यांत तो कांहींच सांगत नाहीं. पडद्यावरील चित्र जसेंच्या तसें राहतें, माउसचा बाण जागच्या जागीं खिळतो, कीबोर्डवर कितीहि बोटें आपटलीं तरी एक अक्षर उमटत नाहीं. अर्धवट लिहिलेलें पत्र डोळ्यांसमोर असतें, पण तें हातीं लागत नाहीं. बोलीभाषेंत याला संगणक 'हँग' झाला असें म्हणतात.

यावरचा उपाय लहान मुलालाहि ठाऊक आहे. बटण दाबून यंत्र बंद करावें व पुन्हां चालू करावें. या उपायानें बहुधा गुण येतो, आणि म्हणूनच तो फसवा आहे. संगणकाची चालती स्मृति, जिला रॅम म्हणतात, ती विजेच्या प्रवाहावर जगते. प्रवाह तुटतांच तींतील सर्व मजकूर पुसला जातो. त्याबरोबर न जपलेलें पत्र तर जातेंच, परंतु यंत्र कशामुळें थांबलें याचा पुरावाहि बहुतांशीं जातो. दुसऱ्या दिवशीं तें पुन्हां थांबतें, पुन्हां बटण दाबलें जातें, आणि महिनोन् महिने एक घर एका अनामिक दुखण्याशीं जुळवून घेतें. संगणकाच्या गेल्या ऐंशीएक वर्षांच्या इतिहासाकडे या दृष्टीनें पाहिलें तर असें दिसतें कीं, हें मौन फोडण्याची विद्या माणसानें हळुहळू व मोठी किंमत देऊन मिळविली आहे. आणि तिचा गाभा इतका साधा आहे कीं तो कोणत्याहि घरांत वापरतां यावा.

प्रारंभींच्या यंत्रांचें दुखणें डोळ्यांना दिसत असे. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें पेनसिल्व्हानिया विद्यापीठांत बांधलेला 'एनिॲक' हा संगणक १९४६ च्या फेब्रुवारींत लोकांपुढें आला. त्यांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या. जुन्या रेडिओंत तांबूस उजेड देत तापणाऱ्या नळ्या त्याच जातीच्या. दर एकदोन दिवसांनीं त्यांपैकीं एखादी निकामी होई व सारी गणना खोळंबे. तेथील अभियंत्यांना लवकरच असें आढळून आलें कीं, बहुतेक नळ्या यंत्र चालू असतांना जात नाहींत. तें बंद करून पुन्हां सुरू करतांना, थंडावण्याच्या व तापण्याच्या ताणानें जातात. सबब ते यंत्र शक्य तों बंदच करीत नसत. १९५४ सालीं एनिॲक एकहि बिघाड न होतां सलग ११६ तास चालला, व हा त्याचा उच्चांक ठरला. म्हणजे पांच दिवसांनाहि चार तास कमी! मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेला 'टिफ्रॅक' हा संगणकहि निर्वात नळ्यांचाच होता. त्या पिढीच्या यंत्रांत दोष शोधणें म्हणजे बहुधा एक मेलेली नळी शोधणें, आणि ती सांपडली कीं वाद मिटे.

हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' या यंत्राची गोष्ट याच काळांतली आहे. १९४७ च्या सप्टेंबरची ९ तारीख. दुपारीं यंत्र अडखळलें, व शोध घेणाऱ्यांना 'एफ' फळीवरील ७० क्रमांकाच्या रिलेमध्यें, म्हणजे विजेनें उघडझांप करणाऱ्या कळींत, एक पतंग अडकलेला आढळला. त्यांनीं तो काढून नोंदवहीच्या पानावर चिकटपट्टीनें चिकटविला व शेजारीं वेळ आणि जागा लिहून ठेवली. ग्रेस हॉपर या विदुषीनें ही हकीकत पुढें अनेक वर्षें सांगितली, आणि तें पान आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयांत जपलेलें आहे. यंत्रांतील दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणण्याचा प्रघात त्या दिवशीं पडला असें पुष्कळ लोक समजतात. पण तें खरें नव्हे. एडिसननें १८७८ मधील एका पत्रांत तो शब्द याच अर्थानें वापरलेला आहे. या गोष्टीचें खरें महत्त्व त्या पतंगांत नसून त्या नोंदवहींत आहे. वेळ, जागा व पुरावा हीं तिन्ही एकाच पानावर ठेवणारी माणसें तेथें होतीं.

परंतु दोष असा नेहमींच पतंगाच्या रूपानें हातीं येता तर ही विद्या फार सोपी झाली असती. इंग्लंडांत केंब्रिज येथें मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं 'एडसॅक' हा संगणक १९४९ च्या मे महिन्यांत चालूं लागला. त्याच्या स्मृतींत आज्ञाहि सांठविल्या जात. लौकरच विल्क्स यांना अशी जाणीव झाली कीं, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराच भाग आपण स्वतःच लिहिलेल्या आज्ञावलींतील चुका शोधण्यांत जाणार; आपल्या आठवणींत त्यांनीं तसें नमूद केलें आहे. येथें दोषाचें स्वरूपच पालटलें. नळ्या सर्व शाबूत, तारा सर्व जोडलेल्या, आणि तरीहि यंत्र थांबलेलें. कारण चूक धातूंत नव्हती, विचारांत होती.

हें यंत्र घरोघरीं पसरलें तें १९८१ नंतर. त्या वर्षीं १२ ऑगस्ट रोजीं आयबीएम कंपनीनें आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारांत आणला. तो तयार होत असतां कंपनीच्या फ्लॉरिडांतील बोका रॅटन येथील अभियंत्यांना यंत्र अडकलें कीं दर वेळीं वीज तोडून पुन्हां द्यावी लागे. हा खोळंबा टाळण्यासाठीं त्यांपैकीं डेव्हिड ब्रॅडली यांनीं एक युक्ति योजली: कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या तीन कळी एकदम दाबल्या कीं यंत्र नव्यानें सुरू व्हावें. मूळच्या कीबोर्डावर या कळी अशा दूर दूर होत्या कीं एका हातानें त्या चुकून दाबल्या जाऊं नयेत. ही सोय कारागिरांसाठीं होती, गिऱ्हाइकांसाठीं नव्हे. पण ती बाहेर फुटली व जगभर पसरली. २००१ सालीं, त्या संगणकाला वीस वर्षें झाल्याच्या समारंभांत, ब्रॅडली यांनीं बिल गेट्स शेजारीं बसले असतांना अशा अर्थाचा विनोद केला कीं, ही युक्ति शोधली मीं, पण तिला प्रसिद्धि दिली ती यांनीं.

या विनोदांतील टोमणा समजून घ्यावयाचा तर १९९० च्या सुमाराची घरगुती कार्यप्रणाली कशी होती तें पाहिलें पाहिजे. १९९० व १९९२ मधील 'विंडोज'च्या आवृत्त्यांत एका वेळीं अनेक कामें चालत, पण तीं परस्परांच्या सौजन्यावर. एखाद्या सभेंत अध्यक्षापाशीं घंटाच नसावी व वक्त्यानें आपण होऊन खालीं बसावें अशी रीत असावी, तसा हा प्रकार होता. एक वक्ता बोलत राहिला कीं सारी सभा अडकली. ॲपलच्या संगणकांतहि 'मॅक ओएस टेन' येईपर्यंत, म्हणजे २००१ पर्यंत, हीच रीत होती. मायक्रोसॉफ्टनें घंटा वाजविणारा अध्यक्ष १९९३ मध्यें 'विंडोज एनटी' या प्रणालींत बसविला. पण ती मुख्यतः कचेऱ्यांसाठीं होती. सामान्य घरांत तिची परंपरा पोंचली ती २००१ च्या ऑक्टोबरांत आलेल्या 'एक्सपी' या आवृत्तीनें.

अध्यक्ष आला तरी एक अडचण उरतेच. एका घरीं पाटा आहे व शेजारच्या घरीं वरवंटा. दोघींनाहि वाटण वाटावयाचें आहे, आणि दुसरीची वस्तु मिळेपर्यंत आपली सोडावयाची नाहीं असा दोघींचाहि निर्धार आहे. कोणाचीच चूक नाहीं, भांडणहि नाहीं. पण स्वयंपाक जन्मांत होणार नाहीं. संगणकांतील दोन कामें एकमेकांची वस्तु अशीच अडवून बसतात. हॉलंडमधील गणिती एड्सगर डायक्स्ट्रा यांनीं १९६५ सालीं या स्थितीला 'प्राणघातक मिठी' या अर्थाचें नांव दिलें. ही मिठी क्वचित्, क्षणांचा विशिष्ट मेळ बसला तरच पडते, आणि म्हणून तपासावयास बसलें कीं बहुधा दिसत नाहीं.

पुन्हां सुरू करण्याची संवय दोषाला कसें झांकून ठेवते याचें एक बोलकें उदाहरण १९९५ च्या विंडोजनें दिलें आहे. त्या प्रणालींत एक गणक होता. यंत्र सुरू झाल्यापासून किती सहस्रांश सेकंद लोटले हें तो मोजी. त्याला बत्तीस द्विमान अंकांचीच जागा असल्यामुळें ४,२९,४९,६७,२९६ सहस्रांश सेकंदांनंतर तो पुन्हां शून्यावर येई. हा काळ भरतो ४९ दिवस व सुमारें १७ तासांचा. तेवढा वेळ यंत्र अखंड चालूं राहिलें तर तें अडकून बसण्याचा संभव असे. हा दोष १९९९ सालीं उजेडांत आला. मधल्या काळांत तो जवळजवळ कोणालाच दिसला नाहीं याचें कारण उघड आहे: तीं यंत्रें इतके दिवस सलग चालतच नसत. इतर दोषांपायीं तीं वारंवार बंदचालू करावीं लागत, आणि त्या बंदचालूच्या आड हा दोष सुखानें नांदत होता.

घरीं अशा दोषाची किंमत एखाद्या हरवलेल्या पत्राइतकी असते. अन्यत्र ती फार मोठी होऊं शकते. आखाती युद्धांत, २५ फेब्रुवारी १९९१ रोजीं, सौदी अरबस्तानांतील धाहरान येथें इराकचें एक स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या निवासस्थानावर येऊन पडलें व २८ सैनिक ठार झाले. तेथें रक्षणासाठीं ठेवलेली 'पेट्रियट' ही यंत्रणा चालू होती, पण तिनें प्रतिकार केला नाहीं. ती काळ मोजी दशांश सेकंदांत. आणि एक दशांश हा अपूर्णांक द्विमान पद्धतींत कधींच पुरा लिहितां येत नाहीं, शेपूट तोडावें लागतें. दर वेळीं होणारी ती सूक्ष्म चूक सांठत जाई. शंभर तास अखंड चालल्यावर ती सेकंदाच्या सुमारें एक तृतीयांशाइतकी झाली, आणि तेवढ्या वेळांत स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढें जातें. यंत्रणा आकाशांत भलत्याच ठिकाणीं पाहत राहिली.

विशेष हें कीं, येथें बंदचालू करणें हाच उपाय होता. त्याला मिनिट-दीड मिनिट लागलें असतें व चूक शून्यावर आली असती. फार वेळ चालविल्यास नेम सरकतो हें दोन आठवड्यांपूर्वीं इस्राएलकडून कळलेंहि होतें. पलटणींना सूचना गेली ती इतकीच कीं, 'फार दीर्घ काळ' चालविल्यास असें घडूं शकेल. फार दीर्घ म्हणजे किती तास, हें तींत नव्हतें. सुधारलेली आज्ञावली धाहरानला पोंचली ती २६ फेब्रुवारीस, दुसऱ्या दिवशीं. यावरून बंदचालूचा उपाय निंद्य आहे असें ठरत नाहीं. ज्याला तो करावयाचा आहे त्याला तो कशासाठीं व केव्हां करावा हें माहीत नसणें, यांत घात आहे.

याच्या उलट मासला सहा वर्षांनंतरचा आहे. ४ जुलै १९९७ रोजीं 'पाथफाइंडर' हें अमेरिकन यान मंगळावर उतरलें. कांहीं दिवसांतच त्यांतील संगणक आपोआप वरचेवर नव्यानें सुरू होऊं लागला. महत्त्वाचें काम वेळेवर झालें नाहीं तर सारें यंत्र नव्यानें सुरू करणारा एक पहारेकरी त्यांत ठेवलेला होता, व तो आपलें कर्तव्य करीत होता. पण दर वेळीं त्या दिवसाचें उरलेलें निरीक्षण बुडे. कॅलिफोर्नियांतील जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेंत त्या संगणकाची जुळी प्रतिकृति होती. तेथील मंडळींनीं तीवर प्रत्येक हालचालीची नोंद घेण्याची व्यवस्था सुरू केली, आणि मंगळावरचें दुखणें पृथ्वीवर पुन्हां घडेपर्यंत तें यंत्र राबविलें.

तें घडलें, आणि नोंद बोलूं लागली. हवामान नोंदणाऱ्या एका कनिष्ठ कामाच्या हातीं सामायिक वस्तूची किल्ली होती. एक वरिष्ठ काम त्या किल्लीसाठीं ताटकळत होतें. आणि मधल्या दर्जाचीं कामें कनिष्ठापेक्षां मोठीं असल्यामुळें त्याला पुढें सरकूं देत नव्हतीं. धाकट्याच्या हातीं कोठाराची किल्ली, थोरला दाराशीं उभा, आणि मधला धाकट्याला दुसऱ्याच कामाला जुंपतो, असा हा घरगुती पेंच होता. यावरचा तोडगा लुई शा, रागुनाथन राजकुमार व जॉन लेहोत्स्की यांनीं १९९० सालींच एका निबंधांत मांडला होता: किल्ली हातीं आहे तोंवर धाकट्याला थोरल्याचा मान द्यावा. यानाच्या प्रणालींत ही सोय होतीच, फक्त ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून ती चालू केली, व दुखणें बरें झालें. उड्डाणापूर्वींच्या चांचण्यांत हा प्रकार क्वचित् घडला होता; पण पुन्हां घडवून दाखवितां न आल्यानें तो बाजूस पडला होता.

कोट्यवधि मैलांवरील यंत्राच्या बाबतींत जी पद्धति फळास आली तीच खोलीच्या कोपऱ्यांतील यंत्राला लागू पडते. घरगुती संगणकाचीं दुखणीं मात्र अधिक मिश्र असतात. २००१ नंतर कार्यप्रणाली सुधारल्या तशी यंत्रांगांतील दोषांची बाजू ठळक दिसूं लागली. त्या दशकाच्या पूर्वार्धांत पुष्कळ मदरबोर्डांवरील धारित्रें, म्हणजे कपॅसिटर, आंतील सदोष द्रवामुळें अकालीं फुगूं लागलीं. त्यांचीं सपाट माथीं टरारून वर आलेलीं किंवा तपकिरी ओघळ आलेले दिसत, आणि असें यंत्र वाटेल तेव्हां थिजे. स्मृतीच्या कण्यांत त्याहून विलक्षण कारणेंहि सांपडलीं आहेत. १९७८ सालीं इंटेल कंपनीच्या टिमथी मे व मरे वुड्स यांनीं दाखवून दिलें कीं, कण्याच्या वेष्टणांतील युरेनियम व थोरियम यांच्या अत्यल्प अंशांतून सुटणारे आल्फा कण स्मृतींतील एखादा अंक उलटवूं शकतात. या मानानें धूळ व उष्णता हीं सामान्य कारणें. पण घरोघरीं तींच अधिक आढळतात. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा थर बसला कीं मुख्य कणा तापतो, आणि यंत्र आधीं मंदावतें, मग थांबतें. महाराष्ट्रांत २००५ च्या पुढें कांहीं वर्षें भारनियमनाचीं होतीं. वीज जाई, येई, कमीजास्त होई, व अशा विजेवर चालणाऱ्या संगणकाच्या दुखण्याला आणखी एक संशयित वाढे.

संशयित इतके असतां शोध कसा घ्यावा, हें वरील इतिहासच सांगतो. पहिलें काम शोधाचें नव्हेच, तें जपणुकीचें आहे. ज्या घरांत लग्नामुंजींचीं छायाचित्रें, हिशेब व मुलांचा अभ्यास एकाच हार्ड डिस्कवर आहे, तेथें यंत्र चालत आहे तोंवर त्यांची दुसरी प्रत करून घ्यावी. डिस्कच खंगत असेल तर यंत्र कांहीं क्षण थिजतें, पुन्हां हलतें, आंतून टकटक ऐकूं येते. अशा वेळीं एकेक बंदचालू व एकेक लांबलचक तपासणी ही तिच्या उरलेल्या आयुष्यांतून वजा होत असते.

दुसरें काम नोंदवहीचें. किती वाजतां थांबलें, कोणतें काम चालू होतें, सुरू केल्यापासून किती वेळानें थांबलें, आदल्या दिवसांत नवें काय बसविलें, या चार गोष्टी साध्या वहींत लिहाव्या. दर वेळीं अर्ध्या तासानें थांबणारें यंत्र उष्णतेकडे बोट दाखवितें. एका विशिष्ट कामांतच थांबणारें यंत्र त्या आज्ञावलीकडे. बटण दाबण्यापूर्वीं कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा उघडमीट करीत असेल तर यंत्र आंतून जिवंत आहे व एखादेंच काम अडलें असण्याचा संभव आहे; दिवाहि हलत नसेल तर मौन खोलवर गेलें आहे. विंडोज प्रणाली 'इव्हेंट व्ह्यूअर' या नांवाखालीं स्वतःचीहि रोजनिशी ठेवते. थांबण्यापूर्वींच्या शेवटच्या ओळी तींत वाचावयास मिळतात.

तिसरें काम एकेका संशयिताला वेगळें काढण्याचें. धूळ झाडून पाहावी. १९९५ पासून विंडोजमध्यें असलेल्या 'सेफ मोड'मध्यें यंत्र मोजक्याच सामग्रीनिशीं चालवून पाहावें. तेथें तें ठीक चाललें तर दोष नंतर बसविलेल्या कशांत तरी असण्याचा संभव वाढतो. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एक काढून एकीवर चालवावें, मग दुसरीवर. किंवा 'मेमटेस्ट८६' सारख्या तपासनिसाला रात्रभर राबवावें. विजेचा पुरवठा करणारी पेटी बदलून पाहावी. यांत नियम एकच: एका वेळीं एकच फरक करावा. तीन गोष्टी एकदम बदलल्या व यंत्र सुधारलें, तर यंत्र सुधारलें इतकेंच कळतें. कशानें सुधारलें हें कळत नाहीं, आणि दुखणें परतलें कीं शोध पुन्हां पहिल्या पायरीवर येतो.

दुरुस्तीच्या दुकानांत सर्व पुसून प्रणाली नव्यानें बसविण्याचा सल्ला पुष्कळदां मिळतो. कधीं तो योग्य असतो. पण दोष फुगलेल्या धारित्रांत असेल तर छायाचित्रें जातात आणि दोष राहतो. घरांतहि बहुधा कोणाला तरी बोल लावला जातो. शेवटीं यंत्राला हात लावणारें मूल किंवा वडीलधारें माणूस अपराधी ठरतें. पाथफाइंडरच्या मंडळींनीं कोणालाहि अपराधी ठरविलें नाहीं. त्यांनीं दुखणें पुन्हां घडूं दिलें व नोंदीला बोलूं दिलें. ज्या घरांत चार ओळींची नोंद ठेवली जाते, तेथें संशय माणसावरून उठून वस्तूवर जातो, आणि वस्तु बदलतां येते.